गाडी आली की वरचा सूर

आमच्या सरांचा धड फोटो कुणाकडेच नाही. लग्न असो, ईद असो, कुणी मोबाइल वर केला की सर दोन पावलं मागे सरकायचे, जरा तिरके व्हायचे आणि पुढच्या माणसाला जागा करून द्यायचे. त्यामुळे माझ्याकडे त्यांचे जे फोटो आहेत त्यांत कुठे एक कान आहे, कुठे मफलरचं टोक, आणि एकात तर नुसती टोपी. त्यांच्या वाढदिवसाला आम्ही क्लासच्या मुलांनी केक आणला होता. मी वैतागून म्हटलं, "सर, पुढं या की. तुमचाच वाढदिवस आहे." तर म्हणाले, "पुढं एकटे गाणारे. अपन दुसरी रांग." असा हा माणूस स्वतःच्या केकसमोर दुसऱ्या रांगेत उभा राहिला. पहिल्या रांगेत कुणीच नव्हतं.

सरांनी उमेदीची सगळी वर्षं जर्मनीतल्या एका ऑपेराच्या कोरसमध्ये काढली होती. ऑपेरा म्हणजे अथपासून इतिपर्यंत गायलेलं नाटक. पुढे राजाराणी गातात, भांडतात, मरतात. मागे गावकरी, सैनिक, कैदी, लग्नाचे पाहुणे असं जे लागेल ते होऊन एक मोठा घोळका एकसाथ गातो, तो कोरस. त्या घोळक्यातल्या खर्जाच्या आवाजांपैकी एक आमचे सर. पण मुकुंदवाडी स्टेशनला लागून जी त्यांची गल्ली आहे, तिथे यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. गल्लीचे ते 'जर्मनीवाले मामू'. तिकडच्या कुठल्याशा कंपनीतून रिटायर होऊन आले, विधवा बहिणीसोबत राहतात, पोरांना जर्मन शिकवतात, आणि मे महिन्यात मफलर घालतात म्हणजे डोक्याने जरा हललेले आहेत, एवढंच गल्ली धरून चालली होती.

मीही त्यांच्याकडे गाणं शिकायला गेलेले नव्हते. आम्ही फुलंब्रीचे, धनगर. आजोबांपर्यंत मेंढरं होती. आमच्या दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, चार शेरडं आणि मिळेल ती मजुरी. जर्मनीत दवाखान्यात काम करायला मुली पाहिजेत, फक्त भाषा यायला हवी, असं कुणीतरी दादांच्या कानावर घातलं आणि मी रोज बसने शहरात येऊ लागले. सरांच्या पुढच्या खोलीत बसून आम्ही मुली 'तुम्हाला कुठे दुखतंय' हे जर्मनमध्ये विचारायला शिकत होतो.

एके दिवशी क्लास सुटला आणि गल्लीच्या पार टोकाला रिक्षा वळताना दिसली. माझी बस चुकणार होती. मी आजोबा मेंढरांना मारायचे तशी हाक मारली. रिक्षा थांबली, तिच्या मागची दुसरीही थांबली, आणि गल्लीतल्या बाया दारात आल्या. सर अनवाणी बाहेर धावले.

"किसने मारी हाक?"

"मी, सर. चुकलं."

"परत मार."

"आता कशाला? रिक्षा थांबली की."

"रिक्षा गेली चुलीत. अंदर चल, परत मार."

सर मुलींच्या अंगाला हात लावत नसत. त्यांनी बहिणीला बोलावलं. तिला आम्ही सगळेच आपा म्हणायचो. आपाने माझ्या बरगड्यांखाली दोन्ही हात ठेवले आणि मी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. सरांनी विचारलं, "पोट हलतंय का?" आपा म्हणाली, "पोट क्या, पूरी छोकरी हलरी."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला क्लासनंतर थांबवलं आणि बाजारभाव विचारावा तसं विचारलं, "तुला पगारावर गायचंय का?"

"भजनी मंडळात?"

"ऑपेरात."

"ते ओरडत्यात ते?"

"हौ. पण सुरात ओरडतात. महिन्याला पगार, रजा, आजारपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन."

मला हसूच फुटलं. आमच्याकडे गाणाऱ्याला चहा मिळतो, फारच चांगलं गायलं तर नारळ. गाण्याला पेन्शन असते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या डोक्यात ऑपेराचं खूळ शिरलं ते सूर ऐकून नाही, पेन्शन ऐकून शिरलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. सर त्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर गायले तेव्हा मात्र पेन्शन कुठच्या कुठे गेली. एवढ्याशा माणसाच्या आतून तो आवाज येतोय यावर विश्वास बसेना. मी ज्या बाकावर बसले होते तो बाक थरथरत होता.

सरांच्या लेखी गाणं ही नोकरी होती. "कला घरी ठेवून यायची," ते म्हणायचे. "इथं ड्यूटी." सर्दी झाली तर चूक तुझी. बस उशिरा आली तरी चूक तुझीच. आणि डायरेक्टर चुकला तर सॉरी आपण म्हणायचं, कारण त्याला तेवढा वेळ नसतो. स्वतः ते कुठेही इतक्या लवकर पोचायचे की लग्नघरी मंडपवाले त्यांना खांब धरायला लावत. पंखा बंद, कुल्फी बंद, थंड पाणी बंद, ठेचा बंद. थर्मासमध्ये कोमट पाणी, तोंडात लवंग. गावाकडच्या माणसाला ठेचा सोड म्हणणं म्हणजे काय असतं ते त्यांना कळायचं नाही. मी डब्यातून आणलेला ठेचा आपा स्वयंपाकघरात नेऊन गुपचूप खायची आणि सर बाहेरून म्हणायचे, "आपा, मेरे को वास आरा."

ऑपेरे त्यांना सगळे पाठ होते, पण मागून. कथा सांगायला बसले की राजाचं काय झालं हे बाजूला राहायचं आणि आपण भाले धरून कुठल्या जिन्यावर उभे होतो, जिना कसा डुगडुगत होता, हेच चालायचं.

"मग राणीचं काय झालं, सर?"

"क्या मालूम. तिसऱ्या अंकात अपना काम नव्हतं. हम कँटीन में. बटाट्याचं सूप लई मस्त राहायचं."

एका ऑपेराची नायिका शेवटी मरते हे मीच त्यांना मोबाइलवर दाखवलं. सरांनी मोबाइल हातात घेऊन ते पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी तिच्या लग्नात नाचलो. कुणी बोललं पण नाय."

मला शिकवताना मात्र ते अशी टंगळमंगळ करत नसत. इटालियन गाण्याची एकेक ओळ आधी मला माझ्या भाषेत म्हणायला लावायचे, आणि तीही आपाला उद्देशून. आपाला ती खरी वाटली तरच पुढची ओळ. "मला सोडून जाऊ नकोस" असं मी पुस्तकी मराठीत म्हटलं की आपा भाजी निवडत राहायची. शेवटी एकदा मी कंटाळून म्हटलं, "नगं जाऊ की रं, म्या कुठं जाऊ मंग." आपाने हातातली मेथी खाली ठेवली. सर म्हणाले, "बस. हेच आता इटालियनमध्ये बोल."

आता गाडीचं सांगते.

सर तरुणपणी चितेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याने काही जणांना शिकायला जर्मनीला पाठवलं. तिथल्या कारखान्यात कामगारांचा गाण्याचा जथा होता, त्यात हे मजेमजेत जाऊ लागले. जथ्याच्या मास्तरांनी यांचा खर्ज ऐकला आणि हात धरून ऑपेरा हाऊसमध्ये नेऊन उभं केलं. नोकरी लागली. पण वडिलांना कोणत्या तोंडाने सांगायचं की मशीन सोडून थिएटरात रंग फासून गातो? म्हणून त्यांनी घरी कळवलं की कंपनीने ठेवून घेतलंय. वडिलांनी गल्लीत मिठाई वाटली. माझा पोरगा जर्मन कंपनीत, असं त्यांनी दारोदार सांगितलं. पुढे वडील गेले. "अब्बा गेले, त्यांचा शब्द राहिला," सर मला म्हणाले होते. "आता मी खरं बोललो तर खोटे कोण पडणार? अब्बा."

म्हणून सर गल्लीत गात नसत. खालचे सूर खिडक्या लावून, दबक्या आवाजात. वरचे सूर मात्र दाबून गाता येत नाहीत, ते पूर्ण सोडावेच लागतात. त्यावर सरांनी उपाय काढला होता. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे रूळ. मालगाडी आली की भांडी वाजायची, माणसाला माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. तेवढ्यात सर आपला आवाज मोकळा करून घ्यायचे. मलाही तीच शिस्त. गाणं सुरू करायचं, वरच्या सुराच्या आधीच्या ओळीवर येऊन थांबायचं, श्वास भरून तयार राहायचं आणि गाडीची वाट बघायची. आपा चहा गाळायची. नायिका प्रियकराच्या नावाने आकांत करत मध्येच उभी. मग लांबून धडधड यायची, सर हात वर करायचे, आणि मालगाडीच्या वाघिणी खडखडत असेपर्यंत मी काय तो आकांत पुरा करून घ्यायचे. लाइनवर विजेची इंजिनं आली तेव्हा सगळ्या शहराला आनंद झाला, सरांनी मात्र सुतक पाळलं. "डिझेलमध्ये दम होता," म्हणायचे. "हे नवीन तर लाजत लाजत येतंय."

या पद्धतीत काय खोट आहे हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे त्या वेळापत्रकात इतके मुरलो होतो.

मुंबईत जर्मनीहून एका ऑपेराची माणसं नवे आवाज ऐकायला येणार होती. कोरसमध्ये जागा होत्या. सरांनी अर्ज भरायला लावला. मी घरी सांगितलं, जर्मनची परीक्षा आहे. दादांचा हिशेब साधा होता, दिवाळीनंतर एक तर जर्मनीचा दवाखाना, नाहीतर आत्याच्या नात्यातला मुलगा. त्यात तिसरी वाट मी कुठून काढणार होते? ही नोकरी लागली तर जायच्या दिवशी सांगू, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सर, आपा आणि मी मुंबईला गेलो. सरांनी जुना काळा कोट घातला होता आणि त्यावर मफलर.

आतल्या हॉलमध्ये मी एकटीच गेले. एसीचाही आवाज नव्हता. समोर तीन माणसं, कोपऱ्यात पियानो. मी गाऊ लागले. चांगलं चाललं होतं, समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. वरच्या सुराच्या आधीची ओळ आली. मी श्वास भरला आणि थांबले.

पियानोवालाही थांबला. त्याला वाटलं, माझी काही खास अदा आहे. तो बघतोय माझ्याकडे, मी बघतेय खिडकीकडे. समोरच्या तिघांनीही खिडकीकडे बघितलं. शेवटी माझ्या लक्षात आलं की इथे गाडी येणार नाही. मी घाईघाईने सूर सोडला, आणि त्या शांत खोलीत माझा वरचा आवाज मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला. मी दचकले. कुणीतरी माझ्या कानाशी किंचाळलं असं वाटलं. आवाज चिरला आणि बंदच पडला.

त्या बाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, आवाज आहे तुझ्यात. पण वरच्या सुराआधी तू अशी थांबतेस, जसं कुणीतरी यायचं आहे. थंडीत आम्ही परत येतोय. तेव्हा न थांबता ऐकव.

बाहेर सर उभेच होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "थांबलीस?"

"थांबले."

"कितनी देर?"

"मालगाडी यायला लागती तेवढी."

सर तिथेच रस्त्याकडेच्या पायरीवर बसले. कामाच्या वेळी बसलेले मी त्यांना कधी पाहिलेच नव्हते. म्हणाले, "गलती मेरी है. तुझा आवाज तुलाच ऐकू दिला नाय मी." परतीच्या गाडीत आपा मला पोळीचा रोल करून भरवत होती आणि मी रडत रडत खात होते.

मी शेतात जाऊन गाऊन बघितलं. तिथे काही उपयोग नव्हता, आवाज जायचा तो जायचाच, परत अंगावर यायचा नाही. मला भिंती पाहिजे होत्या, आणि ऐकणारे सर. म्हणजे तीच खोली, आणि तीही गाडीशिवाय.

पुढच्या वेळी क्लासला गेले तर सरांच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या उघड्या. मफलर बांधून ते तयार उभे. "पहले हाजीसाब," म्हणाले. आपाने बुरखा घातला आणि आम्ही निघालो.

हाजीसाहेब म्हणजे गल्लीतले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ, सरांच्या अब्बांचे जिवलग दोस्त. दिवसभर दारासमोर बाजेवर तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत बसलेले असायचे. गल्लीत काय चालेल आणि काय नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. सर त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले.

"चचा, एक बात बोलनी थी. मैं जर्मनी में कंपनी में नहीं था."

हाजीसाहेबांनी मान हलवली.

"थेटर में गाता था."

"मालूम."

सरांना वाटलं, म्हाताऱ्यांना नीट ऐकू गेलं नाही. ते परत मोठ्याने म्हणाले. हाजीसाहेब म्हणाले, "सुना ना, बाबा. मेरे को मालूम है. तेरे अब्बा ने बताया था."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सरांबरोबर जर्मनीला गेलेला चितेगावचा एक जण लवकरच परत आला आणि त्याने अब्बांना सगळं सांगितलं. अब्बांनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या, पोरगा नमाज पढतो का आणि वेळेवर जेवतो का. संध्याकाळी ते याच बाजेवर येऊन बसले. हाजीसाहेबांना म्हणाले, पोरगा लाजतोय. त्याचं त्याला सांगू दे. तोवर आपण कंपनीच म्हणायचं.

"रास्ता देखते रहे बिचारे," हाजीसाहेब म्हणाले. "हर बार तू छुट्टी पे आता, मैं पूछता, बोला क्या? वो बोलते, नहीं बोला."

सरांचा चेहरा बघवत नव्हता. "मैं तो उनकी बात रखने को चुप था," ते म्हणाले.

"हौ. और वो तेरी."

आपा बुरख्याआड डोळे पुसत होती. मला तर सरांना जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण ते कसं करणार. सर हळूच बाजेच्या कडेला टेकले. हाजीसाहेबांनी त्यांना तसबीहच्या हाताने ढोसलं.

"बैठ मत. गा."

"यहां?"

"फिर कहां? इतने बरस हो गए, गाडी जाती और तेरा आवाज पीछे रह जाता. आधा आधा सुनके कान दुख गए. अब पूरा सुना."

सर उठले. गल्लीतल्या बाया दारात होत्याच, दुकानवालाही बाहेर आला. सरांनी सवयीने दोन पावलं मागे घेतली, मागे भिंतच होती. आणि ते गायले. एकट्याने गायचं गाणं त्यांना एकही येत नव्हतं, त्यामुळे कोरसमधला खर्जाचा भागच त्यांनी धरला. दोन ओळी काय घुमल्या, दुकानातल्या बरण्या वाजल्या. आणि मग सर एकदम गप्प. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ठेका मोजताहेत. गल्लीला वाटलं, विसरले.

"क्या हुआ रे?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"अभी राजा गारा," सर कुजबुजले.

मग काय, राजाचं गाणं संपेपर्यंत सगळी गल्ली थांबली. कुणी हसलं नाही, कुणी हललं नाही. समोरच्या बाईने रडणाऱ्या पोराला पदराआड घेतलं. राजाचं झालं, आणि सरांनी पुन्हा आपला खर्ज लावला. असं चार वेळा झालं. मी आता रोज मोठमोठे गवई ऐकते. न ऐकू येणाऱ्या राजाला इतक्या अदबीने वाट करून देणारा गवई मी दुसरा पाहिला नाही.

हाजीसाहेबांनी निकाल दिला. असरच्या नमाजनंतर मगरिबपर्यंत, म्हणजे दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत, गाणं चालेल, खिडक्या उघड्या ठेवून. पोरांच्या परीक्षा आल्या की बंद. सरांनी मान्य केलं. घरी आलो तसे ते माझ्याकडे वळले.

"कल फुलंब्री. तुझ्या दादांना सांगायचं."

"सर, नोकरी लागल्यावर सांगते ना."

"मीपण असंच म्हटलो होतो," सर म्हणाले. "रजा पडली की सांगतो."

दुसऱ्या दिवशी सर आणि मी फुलंब्रीच्या बसमध्ये बसलो. दादा शेरडांना पाला तोडून टाकत होते. मी सगळं सांगून टाकलं, खाली मान घालून. दवाखाना नाही, गाणं. परीक्षा नव्हती, ऑडिशन होती. तीही हुकली. दादा पाला तोडतच राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मला नाही, सरांना विचारलं,

"मास्तर, हिचा आवाज कुठवर जातो?"

"शेवटच्या खुर्चीपर्यंत."

"माइक लावून?"

"माइक बिगर. तिथं माइक नसतोच."

दादांनी कोयता खाली ठेवला. "मंग त्यात काय चोरायचं होतं?" ते मला म्हणाले. "तुझ्या आजाच्या हाकंवर तर आपलं घर चाललं." नंतर सरांना भाकरी आणि ठेचा वाढला. सरांनी तो निमूटपणे खाल्ला आणि पुढचे दोन दिवस ते खाकरत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी गाणं. पहिल्या दिवशी वरचा सूर लागला आणि मी घाबरून आतल्या खोलीत पळाले. बाहेरून हाजीसाहेबांचा आवाज आला, "और एक बार." सर काहीच बोलत नसत, नुसते समोर उभे राहत. आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचे. हळूहळू डोळे उघडे राहू लागले. दिवाळी आली आणि गेली. आत्याकडच्या मुलाचं दादांनी परस्पर मिटवलं, ते मला नंतर आईकडून कळलं.

थंडीत मुंबईला जायची वेळ आली तेव्हा सर येईनात. "मी दिसलो की तू माझ्या हाताकडं बघशील," म्हणाले. माझ्याबरोबर दादा आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. हॉलच्या बाहेर त्यांना खुर्ची दिली तर ते खालीच बसले, भिंतीला टेकून.

मी गायले. न थांबता गायले. त्या बाई पेन फिरवत होत्या ते फिरवायचं थांबलं. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, येत्या हंगामापासून ये, कोरसमध्ये.

जिन्यातूनच मी सरांना फोन लावला. आपाने तो त्यांच्या हातात दिलेला मला ऐकू आला. मी म्हटलं, "सर, झालं. घेतलं मला."

सरांनी पगार विचारला नाही, रजा विचारली नाही. म्हणाले, "आवाज ऐकू आला का?"

"त्यांना? आला की."

"त्यांना नाय. तुला."

"आला, सर."

"कसा होता?"

"चांगला होता, सर," मी म्हटलं. "लई चांगला होता."

मी 'सर, सर' करत राहिले. थोड्या वेळाने फोनवर आपा आली.

"रोरा है, बेटा," ती म्हणाली. "हाथ हिलाके बोलरा, रोते वक्त बात नक्को, गला बैठता."